विट्याहून बेंगळुरू: पेठ, तळी आणि मामाची भट्टी

शुक्रवार

मामेभावाने बेंगळुरूत फ्लॅट घेतला, वर्तुर साइडला, व्हाइटफिल्डच्याही पलीकडं. वास्तुशांत बुधवारची होती पण मामाचा फोन आला की शनिवारीच पोचायचं. "जेवायला यायचं आन ताटावरनं उठून स्टेशन गाठायचं, असलं चालणार न्हाय. गाव बघ की जरा." मग काय, रजा टाकली आणि विट्याहून एसटीनं मिरज गाठलं.

सांगली जिल्ह्याबाहेरच्यांना मामाचा धंदा आधी सांगायला पाहिजे. मामा गलाईवाला. आमच्या विटा, खानापूर, आटपाडी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा घेऊन देशभर पांगलीत, कुठल्याही मोठ्या गावच्या सराफ बाजारात जाऊन भट्टी कुठं आहे विचारा, आत बसलेला माणूस बऱ्याचदा आमच्याकडचाच निघतो आणि पहिलं गाव विचारतो, नाव नंतर. कारण एकच, पाऊस. कृष्णा जवळनं वाहते पण आम्ही उंचावर, टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी पंपांनी चढवून आणेपर्यंत आमच्या रानात धड एक पीक नव्हतं, त्यामुळं घरात चार भाऊ असले तर एकानं रान बघायचं आणि बाकीच्यांनी भट्टीवर जायचं. मामा बाहत्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी, मिसरूड फुटायच्या आत, गावच्याच एका माणसाबरोबर बेंगळुरूला गेला तो तिकडचाच झाला.

मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेस. दुपारी बसायचं, सकाळी बेंगळुरू. पूर्वी मिरजेपासून खाली मीटरगेज होती, आपल्या गाडीतनं उतरून तिकडच्या छोट्या गाडीत बसावं लागायचं, मामा पहिल्यांदा गेला तो तसाच, वळकटी आणि भाकरीचं गठुळं घेऊन. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. बेळगावला कुंदा घेतला, लोंढ्याच्या पुढं अंधारच होता, झोपलो.

शनिवार

सकाळी गार वारं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर आहे त्यामुळं हवा बरी असते हे ऐकून होतो, पण स्टेशनच्या बाहेर आलो की ती हवा रिक्षांच्या धुरात कुठं जाते कळत नाही. स्टेशनसमोर मॅजेस्टिकचा बसस्टँड, खाली मेट्रोचं भलंमोठं जंक्शन, माणसांचा नुसता लोंढा. मामा घ्यायला आला होता. स्टँडकडं हात करून म्हणला, "हे सगळं तळं हाय बघ."

मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच तिथं धर्मांबुधी नावाचं तळं होतं. हे गाव वसवणाऱ्या केम्पेगौडांच्या काळातलं, अख्ख्या पेठेला त्यातनं पाणी मिळायचं. पुढं नळाचं पाणी आलं, तळं आटलं, मैदान झालं, सभा झाल्या, प्रदर्शनं भरली आणि शेवटी त्याच खळग्यात बसस्टँड बसवला. कांतीरवा स्टेडियम आहे तेही असंच, संपंगी तळ्याच्या जागेवर. या गावाला नदी नाही. एवढं मोठं शहर आणि मोठी नदी जवळपास नाहीच, कारण ते पाणलोटाच्या माथ्यावर वसलंय, पडलेला पाऊस दोन्हीकडं वाहून जातो. म्हणून जुन्या लोकांनी उतारावर बांध घालून एकाखाली एक तळी केली, वरचं भरलं की सांडव्याचं पाणी खालच्यात, त्याच्या नाल्यांना इथं राजकालुवे म्हणतात. दुष्काळी भागातल्या माणसाला हे पटकन कळतं. आमच्या गावात एक पाझर तलाव आहे, त्याच्यात कुणी स्टँड बांधतो म्हणला असता तर लोकांनी त्याला त्याच तलावात बुडवला असता, तेही पाणी असतं तर.

मामाचं घर आणि दुकान नगरतपेटेत. स्टेशनवरनं चालतच गेलो, चिक्कपेटेतनं. सकाळची वेळ, दुकानांची शटरं अर्धी उघडलेली, हातगाडीवाले, कापडाचे गठ्ठे, मधनंच देवळाची घंटा आणि स्कूटर. केम्पेगौडा हे येलहंक्याचे, विजयनगरच्या राज्यातले नायक, त्यांनी १५३७ मध्ये इथं मातीचा किल्ला आणि पेठ वसवली. गोष्ट अशी सांगतात की मधल्या चौकातनं चार दिशांना पांढऱ्या बैलांचे नांगर सोडले आणि तासं जिथपर्यंत गेली त्या झाल्या पेठेच्या मुख्य रस्त्याच्या रेघा. तो चौक म्हणजे दोड्डपेटे आणि चिक्कपेटे मिळतात ती जागा. दोड्डपेटे म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. बाजूनं एकेका धंद्याची एकेक पेठ, अक्कीपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. आपल्या पुण्यातल्या पेठांना वार आहेत, इथल्या पेठांना धंदे आहेत. रस्ते एवढे अरुंद की एक टेम्पो माल उतरवायला थांबला की मागं सगळं ठप्प. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही, सगळ्यांना माहिताय उपयोग नाही.

मामाचं दुकान एका बोळात पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना, खाली एक पानपट्टी. आत गेलं की ॲसिडचा वास नाकात असा बसतो की दुपारचं जेवणसुद्धा तसंच लागतं. मी लहानपणी एकदा बघितलेलं, आता नीट बसून बघितलं. गिऱ्हाइकानं जुन्या मोडीच्या बांगड्या आणल्या होत्या. मामाने आधी त्या वजनकाट्यावर घेतल्या, मग कात्रीनं तुकडे करून मुशीत टाकले, वर टाकणखार, आणि भट्टीचा झोत सोडला. पाच-सात मिनिटात त्या बांगड्या बसल्या खाली, आणि मुशीत एक लालभडक थेंब फिरायला लागला, मामा चिमट्यानं मूस हलवून त्याच्याकडं बघत राहिला, रंगावरनं त्याला कळतं कधी ओतायचं. ओतलं की लगडी. हे झालं नुसतं वितळवणं. शुद्ध करायचं तर त्यात मुद्दाम चांदी घालतात, सोन्याच्या जवळपास तिप्पट, मग त्याचे बारीक दाणे करून तेजाबात म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोनं तेवढं तळाला राहतं, पण दिसायला सोनं वाटत नाही, तपकिरी भुकटी. मी म्हणलं मामा ही तर तपकीर. म्हणला, "ही तपकीर वढायला अख्खा जनम गेला आमचा." ती धुऊन परत वितळवली की पिवळीधमक. ॲसिडातली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची, काही वाया घालवायचं नाही, दुकानातला केरसुद्धा पोत्यात भरून ठेवतात कारण त्यातही सोन्याचा कण असतो.

आता टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, काढायला मशीन आलंय, दागिना आत ठेवला की स्क्रीनवर आकडा. मोठ्या रिफायनऱ्या आल्यात. दागिने घडवणारे कारागीर बरेच बंगाली. मामाच्या भट्टीवर पूर्वी गावाकडची पोरं असायची, आता एकच आहे आणि तोही लग्न ठरलं की जाणार म्हणतोय.

संध्याकाळी मामीच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा, नगरतपेटेत. खिडकीखाली कन्नड, तेलुगू, मारवाडी, बंगाली, हिंदी सगळं ऐकू येत होतं.

रविवार

मामाचं दुकान बंद, म्हणून तो बरोबर. एवढी वर्षं राहून त्यानं टिपूचा वाडा आतनं बघितला नव्हता, रोज शेजारनं जातो फक्त.

केआर मार्केटच्या बाजूला किल्ल्याचा एक तुकडा उरलाय. केम्पेगौडांचा मातीचा होता तो हैदरअलीने १७६१ मध्ये दगडात बांधला. आता एक दरवाजा आणि थोडी तटबंदी, बाकीचा किल्ला रस्ते, हॉस्पिटल आणि मार्केटनं गिळला. पण त्या दरवाज्यातलं दगडी काम बघण्यासारखं आहे. थोडं पुढं टिपूचा उन्हाळी महाल, हैदरनं सुरू केला आणि टिपूच्या वेळी १७९१ मध्ये पुरा झाला. सागवानी खांब, कमानी, वरच्या मजल्यावर गार वाटतं. टिपूला त्याचा उपभोग फार मिळाला नसणार कारण त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसनं आधी पेठ आणि मग किल्ला घेतला.

इथं आपला सांगलीकरांचा संबंध येतो आणि तो मला तिथं उभं राहिल्यावर आठवला. त्या लढाईत मराठे इंग्रजांच्या आणि निजामाच्या बाजूनं होते, आणि मराठ्यांच्या एका फौजेचे सेनापती होते तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. ते आधी कित्येक महिने धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले, एप्रिल १७९१ मध्ये तो पडला. कॉर्नवॉलिस तिकडं बेंगळुरू घेऊन श्रीरंगपट्टणला गेला पण दाणागोटा संपला, बैल मेले, शेवटी त्यानं स्वतःच्याच अवजड तोफा फोडून टाकल्या आणि माघारी फिरला, तेव्हा वाटेत भाऊ आणि हरिपंत फडके यांच्या फौजा येऊन भेटल्या आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात इंग्रजांना धान्य मिळालं. आपल्याकडं हे अभिमानानं सांगतात. पण त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेतल्या लोकांनी शृंगेरी मठ लुटला आणि टिपूने त्या मठाला मदत पाठवली, हेही त्याच वर्षातलं. मामाला सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणला, "फौज आसली की लुटणारच."

नाश्त्याला गांधी बझारला विद्यार्थी भवनमध्ये, १९४३ पासूनचं हॉटेल, बाहेर नंबर लावून उभं राहायचं. डोसा जाड, कडक, तुपातला. वेटर एका हातावर एवढ्या प्लेटा रचून आणतो की डोशापेक्षा लोक तेच बघतात. सांबार मात्र गोड. आम्हा सांगलीच्या लोकांना गोड आमटी कितीही वर्षं खाल्ली तरी पटत नाही, मामाचं सुद्धा तेच मत आहे.

लालबागेत दुपारी गेलो ते संध्याकाळपर्यंत. हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली बाग, पुढं इंग्रजांनी वाढवली, काचघर १८८९ चं. काचघर छानच आहे पण मला खरं खिळवून ठेवलं ते तिथल्या खडकानं. बागेत एक प्रचंड उघडा खडक आहे, चढून वर जाता येतं, पाटी लावलीय की हा नाइस जातीचा दगड साधारण ३०० कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, ज्याच्यावर अजिंक्यतारा उभा आहे, तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे या म्हाताऱ्यापुढं अगदीच पोरगं. आणि हा दगड पाणी धरत नाही, भेगा असतील तिथं काय ते साठणार, म्हणून इथल्या बोअर हजार फुटांच्या खाली जातात आणि तरी कोरड्या निघतात.

खडकाच्या माथ्यावर केम्पेगौडांच्या नावानं ओळखला जाणारा एक छोटा बुरुज आहे. असे चार आहेत, चार बाजूंना, शहर वाढलं तर इथपर्यंत वाढेल अशी ती हद्द होती म्हणतात. बुरुजापाशी उभं राहून बघितलं तर चारी बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत इमारती. १९५१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ८४ लाख. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण रस्त्यावरनं अंदाज येतो.

सोमवार

मामा भट्टीवर, मी एकटा. मेट्रोनं मल्लेश्वरम.

मल्लेश्वरमला जायचं कारण वेगळं होतं. तिथं काडु मल्लेश्वर म्हणून महादेवाचं देऊळ आहे, झाडीत, थोडं उंचावर, आणि तिथल्या १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी देवळाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. व्यंकोजी म्हणजे शिवरायांचे सावत्र भाऊ, पुढं तंजावर घेतलं ते. आपल्या शाळेच्या पुस्तकात शहाजीराजे कर्नाटकात गेले एवढं एक वाक्य असतं आणि मग लगेच आपण शिवनेरी-पुण्याकडं वळतो. पण १६३८ मध्ये आदिलशाहीच्या रणदुल्लाखानानं केम्पेगौडांच्या वंशजाकडनं बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, त्यानंतर राजांचा मुख्य मुक्काम हेच गाव. जिजाऊ आणि लहानगे शिवबा १६४० च्या सुमारास इथं येऊन राहून गेले. जवळपास पन्नास वर्षं हे गाव भोसल्यांच्या हाताखाली होतं. १६८७ मध्ये मुघलांनी घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकून टाकलं. रात्री मामाला सांगितलं तर म्हणला, "तीन लाखात आता पोराच्या बिल्डिंगीत पार्किंग पण देत न्हाईत."

देवळाच्या समोर रस्त्यापलीकडं नंदीतीर्थ आहे, जमिनीखाली गाडलेलं, नव्वदच्या दशकात खणताना सापडलं. पायऱ्या उतरून खाली जायचं, नंदीच्या तोंडातनं पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडत असते आणि तिथनं कुंडात. मी गेलो तेव्हा एक आजी कुंडाच्या काठावर बसून स्टीलच्या डब्यातला चित्रान्न नातवाला भरवत होती, आणि नातू पाण्यातली कासवं मोजत होता, कन्नडमधनं, पाचनंतर परत एकपासून.

मल्लेश्वरमचे रस्ते सरळ, झाडं मोठी, एकाला एक छेदणारे क्रॉस. हे असं आखीव का, तर प्लेग. मुंबई-पुण्यात आलेला प्लेग रेल्वेनं हुबळीमार्गे १८९८ मध्ये इथं पोचला, पेठेतल्या दाटीत माणसं पटापट मेली, निम्मं गाव रिकामं झालं. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहतींची आखणी आधीच चालू होती, प्लेगनं घाई लावली, रुंद रस्ते, घरामागं हवा खेळायला बोळ, मध्ये बाग. मला गंमत वाटली की ज्या रेल्वेनं मी आरामात झोपून आलो त्याच वाटेनं तोही आला होता. गंमत म्हणजे तशी नाही, पण कळलं असेल.

सँकी तळ्याला एक चक्कर मारली. १८८२ चं, अजून तळंच आहे, कुणी स्टँड बांधला नाही. मग कब्बन पार्क, विधान सौध बाहेरनं, फोटो काढले, सगळे काढतात. विधान सौध १९५६ ला पुरा झाला, भव्य आहे, त्याच्यासमोरच्या लाल हायकोर्टाची इमारत मला जास्त आवडली.

मंगळवार

मामेभावाने सुट्टी काढली होती. हा सांगलीच्या वालचंद कॉलेजमधनं इंजिनिअर झाला, चार वर्षं रविवारी आमच्या घरी जेवायला यायचा. त्याला म्हणलं तुझ्या कॉलेजच्या नावाचं मूळ बघायला जाऊ. त्याला कळेना. एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, तिचं म्युझियम जुन्या विमानतळ रस्त्यावर आहे, तिथं नेलं.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी म्हैसूर संस्थानाची मदत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये इथं हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली, देशातला विमानाचा पहिला कारखाना, आजच्या एचएएलचं मूळ. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारनं ती ताब्यात घेतली आणि तिथं अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालली. सांगलीच्या कॉलेजला नंतर त्यांचंच नाव दिलं गेलं. म्युझियममध्ये एचटी-२ आहे, स्वतंत्र भारतात बनलेलं शिकाऊ विमान, १९५१ मध्ये उडालं, आणि मरुत, ज्याचं डिझाइन कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरनं केलं. मामेभाऊ मरुतच्या खाली वाकून चाकं बघत होता आणि मी बाजूच्या इंजिनाच्या कापलेल्या मॉडेलसमोर, त्यात पात्यांच्या एवढ्या बारीक रांगा की आमच्या मोटारीचं वाइंडिंग करणारा मेस्त्री तिथनं हललाच नसता.

बाहेर कॉफी पिताना वाद झाला. तो म्हणतो आयटीनं बेंगळुरू घडवलं. मी म्हणलं आयटी आलं तेव्हा ताट वाढलेलं होतं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रला कावेरीवर वीज तयार करून कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली, १९०५ मध्ये तीच वीज बेंगळुरूच्या रस्त्यावर आली, देशातल्या बहुतेक गावात तेव्हा कंदील होते. १९०९ मध्ये टाटांच्या देणगीतनं आणि म्हैसूरच्या जमिनीवर विज्ञान संस्था. १९४० ला विमान. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनची आयटीआय १९४८, यंत्रं आणि घड्याळांची एचएमटी १९५३, इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल १९५४. समुद्रापासून आणि सरहद्दीपासून लांब, हवा बरी, वीज आहे, म्हणून सरकारनं एकामागून एक कारखाने इथंच टाकले. त्यांच्या मागनं इंजिनिअर आले, त्यांची पोरं शिकली, कॉलेजं निघाली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली ती या तयार माणसांसाठी. इन्फोसिस तर १९८१ मध्ये पुण्यात निघालेली, दोन वर्षात इकडं आली, पुणेकरांना अजून हळहळ आहे. मामेभाऊ म्हणला दादा तू गुगल करून आलायस. म्हणलं तुझ्या बापाच्या मनगटावर एचएमटी आहे, लग्नात मिळालेलं, ते कुठं बनलं विचार. त्यानं खरंच फोन लावला. मामा म्हणला, "आरं हितंच की, जालहळ्ळीला. गिऱ्हाइक बसलंय, ठेव."

तिथनं मेट्रोच्या पर्पल लाइननं व्हाइटफिल्ड. ही लाइन २०२३ मध्ये पूर्ण झाली, त्याआधी पेठेतनं इकडं यायचं म्हणजे डबा बांधून निघायचं असं मामी म्हणते. काचेच्या बिल्डिंगा सुरू झाल्या की संपतच नाहीत. स्टेशनवरनं फ्लॅटपर्यंत रिक्षानं जेवढा वेळ लागला तेवढ्यात अख्खी मेट्रो येऊन गेली असती.

बुधवार

वास्तुशांत. अकराव्या मजल्यावर, मोठ्या हौसेनं घेतलेला फ्लॅट, बाल्कनीतनं लांब वर्तुर तळं दिसतं. भटजी कन्नड ब्राह्मण, मंत्र तेच, मध्येमध्ये मामीला मराठीत हळद-कुंकू विचारायचे, "चाळीस वर्षं पेठेत पूजा सांगतोय, तुमच्या लोकांची सगळी सवय आहे." हळद आम्ही सांगलीहून नेलेली, त्याच्यावर सगळ्या बायकांनी वास घेऊन पसंती दिली.

होम पेटला आणि खाली टँकर आला. एक गेला की दुसरा. मी बाल्कनीतनं बघत राहिलो कारण आमच्या भागातला माणूस टँकर आला की बघतोच, हाताला लागते आपोआप घागर शोधायची सवय. फरक एवढाच की आमच्याकडं टँकर यायचा तो कुडाच्या घरापुढं, इथं स्विमिंग पूल असलेल्या सोसायटीपुढं. शेजारच्या फ्लॅटमधले तेलुगू काका सांगत होते की २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा सोसायटीत पाण्याचे तास ठरवले होते, गाड्या धुवायला बंदी, काही लोक आठवडाभर गावाकडं जाऊन राहिले. म्हणजे उलटी वरात. लोक दुष्काळातनं इकडं आले आणि पाण्यासाठी परत गेले.

जेवणावळ चालू असताना मी काकांकडनं सगळं काढून घेतलं, ते पाणी खात्यातनं रिटायर झालेले निघाले. आधी तळी. मग १८९४ मध्ये हेसरघट्टा, अर्कावती नदीवर. ते पुरेना म्हणून १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी, तीही अर्कावतीच. मग १९७४ पासून कावेरी. कावेरी जवळपास १०० किलोमीटर लांब आणि जवळजवळ ५०० मीटर खाली. तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी अशा तीन टप्प्यांत पंपांनी पाणी वर चढवतात. टेंभू ऐकून मोठा झालेला माणूस मी, मला टप्पे म्हणलं की सगळं चित्र समोर उभं राहतं, आमच्याकडंही कृष्णेचं पाणी असंच टप्प्याटप्प्यानं पंप चालवून वर आणलंय, आणि वीजबिल थकलं की बंद. काका म्हणाले, इथंही खात्याच्या खर्चात मोठा घास विजेचाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोज ७७ कोटी ५० लाख लिटर, तो मुख्यतः २००७ मध्ये शहरात घातलेल्या ११० खेड्यांसाठी. वर्तुर पट्टा त्याच वाढलेल्या भागातला. मग टँकर का? काका हसले, पाइप आलाय, प्रत्येक घरात पाणी यायला वेळ आहे, आणि पाणी यायच्या आधी अजून चार टॉवर उभे राहतात.

बाल्कनीतनं दिसणाऱ्या तळ्याचंही सांगितलं. वर्तुर आणि त्याच्या वरचं बेळंदुर, दोन्ही शहरातली मोठी तळी, त्यात वर्षानुवर्षं गटाराचं पाणी गेलं, साबणाचा फेस रस्त्यावर यायचा, बेळंदुरला तर तळ्यात आग लागायची, हे टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलंय. पण मला नवीन कळलं ते असं की शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून २०१८ पासून पाइपानं कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांमध्ये सोडतात. कोलार म्हणजे दुष्काळी, बोअर खोल गेलेल्या, तिथली तळी आता भरतात, विहिरींना पाणी आलं. पाणी पुरेसं स्वच्छ होतं का यावर भांडण आहे, कोर्टापर्यंत गेलं. पण कावेरीचं पाणी अर्धा किलोमीटर वर चढून बेंगळुरूला येतं, एकदा वापरून झालं की कोलारला जातं, आणि ज्या कोलारच्या सोन्याला पहिली वीज गेली त्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. मामा शेजारी पान लावत ऐकत होता. त्याला खाणीचं तेवढं लागलं. म्हणला कोलारचं सोनं मुशीत घेतलेलं आठवतं, आता सगळी मोडच येते.

गुरुवार

परत जायला ट्रेनचं रिझर्व्हेशन होतं ते रद्द केलं, मामा गावाकडं निघाला होता, गाडीनं, म्हणून त्याच्याबरोबर. पहाटे निघालो तरी शहरातनं बाहेर पडेपर्यंत ऊन आलं. तुमकूर, सिरा, हिरियूर, रस्ता एक नंबर. चित्रदुर्गच्या पुढं हायवे सोडून चन्नगिरीकडं वळलो, होदिगेरेला.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ ला इथं शिकारीच्या वेळी घोड्यावरनं पडून गेले. समाधी साधी आहे, कुंपण, झाडं, एक राखणदार. गावातली माणसं गाडीचा एमएच नंबर बघून लगेच ओळखतात, रस्ता न विचारता हात करतात. आमच्या आधी साताऱ्याची एक ट्रॅव्हल्स येऊन गेली होती, फुलं ताजी होती. बायका-पोरांना घेऊन येणार असाल तर पाणी आणि खायचं बरोबर ठेवा, जवळपास हॉटेल म्हणावं असं नाही.

म्हणून जेवायला दावणगिरी. लोणी डोसा, बेण्णे दोसे, डोशावर पांढऱ्या लोण्याचा गोळा आणि बरोबर बटाट्याची पांढरी भाजी, सांबार नाहीच, त्यामुळं आम्ही दोघंही खुश. मामाला तिथं गावाकडनं फोन आला. ज्याला भट्टीवर न्यायचं ठरलं होतं त्या पोराच्या बापाचा, की पोरगा येत नाही म्हणतोय, डाळिंबाची बाग धरलीय, टेंभूचा पाट रानाजवळनं गेलाय.

मामाने फोन ठेवला. "चांगलंच झालं म्हणा. आम्ही गेलो तेव्हा रानात कुसळं होती. पर मी आता भट्टीवर कोण बसवू सांग. बंगालचं पोरगं ठिवलं तर त्येला टंच शिकवायला वर्स जाईल, आन शिकलं की शेजारी सोताचं दुकान टाकील."

"तुम्ही काय केलं होतं मामा?"

"मी बी तेच केलं," म्हणला, आणि वेटरला अजून एक डोसा सांगितला, लोणी जास्त.